बेअरिंगचा आवाज

उन्मेषने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले.
डावीकडे प्रोसेसर, उजवीकडे कार्ड,
तळाशी बासष्ट हजार, त्याखाली दोन रेघा.
अकरावीच्या कुठल्याही हिशेबाखाली
त्यानं इतक्या सरळ रेघा मारल्या नव्हत्या.

मग आठवडाभर घरात तेच.
कळण्याच्या भाकरीवर तेल ओतताना कार्डाची मेमरी,
कूलरमध्ये पाणी भरताना सहा कोअर की आठ.
"प्रोसेसर भारी अन् कार्ड फुसकं,
तर प्रोसेसर बसून राहतो, आई.
कार्ड भारी अन् प्रोसेसर लेचापेचा,
तर कार्ड बसून राहतं."
मी म्हटलं, म्हणजे आमचा सेक्शन.
तो हसला नाही.
त्याला वाटलं, मला कळलं नाही.

एकवीस वर्षं झाली मला भुसावळच्या लोको शेडमध्ये,
ट्रॅक्शन मोटरवर.
इंजिनाच्या पोटातून काढलेली मोटर ट्रॉलीवर येते
तेव्हा ती कुठल्या चढाला किती तापली
ते मला कागदाआधी वासावरून कळतं.
पण हे कोणी विचारलं नव्हतं,
म्हणून मी सांगितलंही नाही.

रविवारी जळगाव.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
गोलाणी मार्केटचा जिना हाताला चटके देणारा.
भिरूडनं काउंटरवर खोके मांडले, भाव सांगितले,
आणि उन्मेषचा डावा रकाना
उजव्याला खाऊ लागला, उजवा डाव्याला.
चार वेळा त्यानं खोडलं.
पाचव्यांदा पान फाटलं.

मग भिरूडनं खालच्या कप्प्यातून एक काढलं.
तीन पंख्यांचं, काळं, वितीहून लांब.
"धुळ्याच्या पोराचं आहे. सहा महिने गेम खेळला, बस.
नवं घ्याल तर दुप्पट पडेल, मावशी."
उन्मेषचा श्वास मला ऐकू आला.

मी म्हटलं, द्या बरं इकडे.

नाकाशी नेलं.
पहिला पंखा बोटानं फिरवला. गप्प.
दुसरा. गप्प.
तिसरा थांबता थांबता बारीक कुरकुरला,
दातात वाळू आल्यासारखा.
कडेला तेलाचा ओशट डाग,
स्क्रूच्या डोक्यांवर पेचकसाचे ओरखडे.
"हे खेळलेलं नाही, दादा. हे राबवलंय.
रात्रंदिवस, बंद खोलीत,
आठ-दहा भावंडांच्या रांगेत."
भिरूडनं काच पुसायला घेतली.
स्वच्छच होती.

"तुले कसं कळलं?" उन्मेष म्हणाला.
घरात तो असा बोलत नाही,
तो माझ्या आईसारखा बोलला.

शेवटी नवंच घेतलं. दोन पंख्यांचं, लहान.
प्रोसेसर सहा कोअरचा.
आठचा मोह त्यानं स्वतः कापला,
ते पैसे पॉवर सप्लायला लावले,
कारण आमच्या गल्लीत संध्याकाळी सातला
बल्ब हळदीसारखे पिवळे पडतात
आणि लोड कळल्याशिवाय इंजिन लावू नये.
हे मी बोलले का तो,
आता नक्की आठवत नाही.
उरलेल्या सातशेत एक जादा पंखा,
आणि बसस्टँडवर दोन लस्सी.

रात्री अकरा. बाहेर अजून अडतीस.
पडद्यावर बर्फ पडतोय,
कोणीतरी पाठीवर धनुष्य लावून
गुडघाभर पांढऱ्यातून चाललंय,
आणि माझा पोरगा बनियनवर,
घामानं निथळत, त्याला पुढे नेतोय.
कोपऱ्यात छोटा आकडा: अडुसष्ट.
एकोणसत्तर.
परत अडुसष्ट.

"खेळून बघतेस?" त्यानं माउस सरकवला.
मी म्हटलं, थांब, आधी ऐकू दे,
आणि कॅबिनेटला कान लावला.

काहीच नाही. नुसता वारा.
नवं बेअरिंग. त्याचं इतक्यात काय सांगणार.
दिवाळीला परत ऐकेन.